झबलं वर करून पाहा

पुतण्याची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. तीन दिवस सर्दी, रात्री खोकल्याची ढास, अंग कोमट. चौथ्या दिवशी तिला घेऊन शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. 29 वा नंबर होता. पाऊण तासाने आत गेलो आणि चार मिनिटांत बाहेर आलो. हातात चिठ्ठी: एक अँटिबायोटिक, एक खोकल्याचं पातळ औषध, एक तापाचं आणि छातीचा एक्स-रे. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला होता. शाल बाजूला केली, स्वेटरवर लावला, झालं.

घरी वहिनी दारातच उभी होती. ती तीस वर्षं खेड्यात अंगणवाडी सेविका होती. चिठ्ठी हातात घ्यायच्या आधीच तिने विचारलं, "भाऊजी, झबलं वर केलं का त्यांनी?" नाही म्हटल्यावर ती पुढे काही बोलली नाही. नातीला मांडीवर घेतलं, थोपटून शांत केलं, झबलं गळ्यापर्यंत सरकवलं आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे, एकदा त्या एवढ्याशा पोटाकडे पाहत बसली. पूर्ण मिनिटभर. मग म्हणाली, "38. सर्दीच आहे. पन्नासाला गेली असती तर घाबरायचं."

पुतण्याने संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून हा आकडा सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नीट मोजलंय ना? मग अँटिबायोटिक थांबवा. दोन दिवस बघू. वाढलं तर लगेच घेऊन या." तिसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा घरभर रांगत होती.

डॉक्टर वाईट नव्हते. आकडा समोर आल्यावर त्यांनी आपलं मत बदललं, हे सगळ्यांना जमत नाही. फक्त तो आकडा काढायला लागणारं एक मिनिट त्यांच्याकडे नव्हतं. या लेखाचा विषय म्हणजे ते एक मिनिट. ते कुणी शोधलं, कुणाच्या हाती दिलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे मी बरेच दिवस गोळा करत होतो.

लहान मुलाला न्यूमोनिया होतो म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे पू आणि पाण्याने भरतात. फुप्फुस ताठर होतं. खोल श्वास घेणं जड जातं, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घ्यायला लागतं. आजार आणखी वाढला की श्वास घेताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो आणि बरगड्यांखाली खळगा पडतो. आपल्याकडच्या आयाबायांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. "बाळाचं पोट उडतंय" हे त्याचंच वर्णन. मेळघाटात या उडणाऱ्या पोटावर तापल्या विळ्याने डाग देतात, त्या प्रकाराला डंबा म्हणतात. बातमी आली की आपण अंधश्रद्धा म्हणून हळहळतो, आणि ती आहेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. डागणाऱ्या त्या म्हातारीचं निरीक्षण चुकीचं नसतं. मूल कशाने दगावणार हे तिने डोळ्यांनी ओळखलेलं असतं. तिच्या हाताशी विळा असतो, औषध नसतं.

वैद्यकशास्त्राला ही खूण मान्य करायला वेळ लागला. न्यूमोनिया ओळखायचा तो स्टेथोस्कोपने आणि एक्स-रेने, अशीच शिकवण होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका इथे, फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजायला घेतले. 1984 साली त्यांनी मांडलं की रडणाऱ्या मुलाच्या छातीतले आवाज ऐकण्यापेक्षा श्वासाचा वेग आणि आत ओढली जाणारी छाती या दोन खुणांवर जास्त भरवसा ठेवता येतो. कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला दवाखान्यात पाठवायचं, एवढं त्यावरून ठरतं. चार वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या मुलांवर तेच तपासलं आणि सांगितलं की तान्ह्यांमध्ये मोजणीची रेघ 50 च्या आसपास ओढावी. आज जगभर वापरात असलेले आकडे या सगळ्या कामातून आले: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षं 40. मोजणी त्या वयाच्या आकड्याला पोचली किंवा तो ओलांडला की श्वास जलद.

आता प्रश्न असा, की हे मोजणार कोण? आणि इथे गोष्ट गडचिरोलीला येते.

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. अभय आणि राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले आणि या जिल्ह्यात त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. राणीताईंनी 1989 साली वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांच्या आजारांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने जगाला जागं केलं: 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. आजार 'दुर्मिळ' वाटतो, कारण कुणी विचारायला गेलेलं नसतं.

मुलांच्या बाबतीत विचारायला गेल्यावर दिसलं की गावातली मुलं सगळ्यात जास्त न्यूमोनियाने मरताहेत. औषध होतं, को-ट्रायमॉक्सॅझोल, स्वस्तातलं. गावात डॉक्टर नव्हता. गावात जी व्यक्ती प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेशी आधीच हजर होती, ती म्हणजे दाई. बहुतेक दाया निरक्षर. त्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, दहापर्यंत येत होतं. इथे एखाद्या बैठकीत 'साक्षरतेचं प्रमाण वाढल्यावर विचार करू' असा ठराव होऊन चहा आला असता. गडचिरोलीत त्यांनी मणी आणले.

ते उपकरण खेळण्यासारखं आहे. मणी ओवलेल्या दोन ओळी आणि शेजारी एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची घडी. घडी उलटी करायची आणि बाळाच्या पोटाकडे पाहायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. सुरुवातीचे मणी हिरवे, शेवटचा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. अगदी तान्ह्यासाठी एक ओळ, त्याहून मोठ्यासाठी दुसरी. पन्नास, साठ हे आकडे दाईच्या डोक्यात असायची गरजच नाही, ते तारेवर आहेत. एखाद्याला जेवढं येतं तेवढ्यावरच अख्खं निदान उभं करायचं, ही या उपकरणामागची बुद्धी मला त्या काळातल्या कुठल्याही यंत्राहून मोठी वाटते.

58 गावांत हे काम झालं, 44 गावं तुलनेसाठी ठेवली. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. काम झालेल्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. उपचार मिळालेल्या 612 मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के. उपचाराविना हाच आजार तुलनेच्या गावांत शंभरातल्या तेरा-चौदा मुलांना नेत होता. नेपाळ, पाकिस्तान, टांझानिया अशा ठिकाणांहूनही अशीच कामं आली. 2003 साली सुनील सझावाल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी ती सगळी एकत्र करून पाहिली, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने कमी झालेले दिसले.

गडचिरोलीत मात्र न्यूमोनियाचं हे काम होऊनही महिन्याच्या आतली बाळं मरतच होती. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांवर सर्चच्या लोकांनी घरोघर जाऊन नजर ठेवली. निम्म्याहून जास्त बाळांना डॉक्टरी मदत लागावी असा काही ना काही त्रास झाला. ती मिळाली 2.6 टक्के बाळांना. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत आणि बाहेरचा माणूस खोलीत जात नाही, ही रीत आपल्या सगळ्यांच्या घरातली. आजार त्या खोलीत, दवाखाना तिच्याबाहेर.

म्हणून गावातलीच थोडं शिकलेली बाई त्या खोलीत जाईल अशी व्यवस्था त्यांनी केली. तिला नाव दिलं आरोग्यदूत. जंतुदोष ओळखायला तिला सात खुणा शिकवल्या. नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंदावलं किंवा थांबलं. नीट पिणारं बाळ पीत नाहीसं झालं. टवटवीत होतं ते सुस्त पडलं. अंग तापलं किंवा गार पडलं. बेंबीतून किंवा कातडीवर पू आला. जुलाब, सारख्या उलट्या किंवा पोट फुगलं. कण्हणं किंवा छाती खोल ओढली जाणं. यातल्या दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर जंतुदोष धरायचा. पहिल्या तीन खुणा पाहा. 'आधी होतं आणि आता नाही' असं त्यांचं रूप आहे. ते कळायला बाळाला काल पाहिलेलं असावं लागतं. कितीही मोठ्या डॉक्टरला पहिल्या भेटीत हे कळणार नाही, रोज डोकावणाऱ्या शेजारणीला कळेल. आणि हे त्या शेजारणीच्या तोंडी मत म्हणून सोडून दिलं नाही, तर निदान म्हणून कागदावर आणलं.

निदानानंतर जेंटामायसिनचं इंजेक्शन, तेही तीच देणार. यावर जो गदारोळ झाला तो समजण्यासारखा आहे. आठवी-दहावी शिकलेल्या बाईच्या हाती सुई! पालकांची लेखी संमती, दवाखान्यात न्यायचा सल्ला आधी, तो शक्य नसेल तरच घरी उपचार, अशा पायऱ्या होत्या. जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी, 1997-98 मध्ये, नवजात मृत्युदर काम झालेल्या गावांत हजारी 25.5 होता, तुलनेच्या गावांत 59.6. हे 1999 साली प्रसिद्ध झालं. देशाचं धोरण व्हायला आणखी बारा वर्षं लागली. 2011 पासून आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाते: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. धोरणात सुई मात्र आशाच्या हाती आली नाही. 2014 च्या सूचनांनी ती नर्सबाईपर्यंतच नेली. मला हा निर्णय भित्रा वाटतो, पण आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि रुग्णवाहिका येते, हेही खरं.

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर मी अशा चौदाव्या दिवसाच्या भेटीला गेलो होतो. खोलीत शेगडी, शेपा-ओव्याचा धूर, कोपऱ्यात बाजेवर बाळंतीण. आशाताईंनी आधी शेगडी बाहेर ठेवायला लावली, मग साबणाने हात धुतले, मग पिशवी उघडली: झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, गुंडाळायचं फडकं. पिशवीतलं घड्याळ कधीच बंद पडलंय, त्या मोबाईलवर वेळ लावतात. बाळ पीत होतं. त्या थांबल्या.

"मोजा की," आजी म्हणाल्या.

"पिताना नाही मोजायचं, आजी. रडतानाही नाही. आकडा खोटा येतो."

बाळ पिऊन शांत झाल्यावर झबलं वर झालं. आशाताईंचे ओठ हलत होते. मीही मनात मोजायला लागलो आणि विसाच्या आतच चुकलो. तान्ह्या बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. दहा-बारा श्वास भराभर, मग एकदम काहीच नाही, तीन-चार सेकंद पोट स्तब्ध, आपला जीव वर, आणि पुन्हा सुरू. म्हणूनच अर्धं मिनिट मोजून दुप्पट करून चालत नाही. आकडा आला 64. बाळंतिणीने आशाताईंच्या तोंडाकडे पाहिलं. "थांब गं, पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या. पाच मिनिटं त्या आजींशी बेंबीला हळद लावण्यावरून भांडल्या. दुसऱ्यांदा 52 आला. साठ किंवा त्याच्या वर दोनदा आला तरच खरा, हा नियम त्यांना पाठ होता. वहीत त्यांनी 52 लिहिलं.

अशी बाई गावात असणं म्हणजे दवाखाना असणं, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण दुसऱ्या एका गावातली नोंदवहीही मी पाहिली आहे. श्वासाच्या रकान्यात ओळीने अकरा बाळांपुढे 44 लिहिलेलं. अकरा बाळं एकाच तालावर श्वास घेत नाहीत. त्या आशाताईंना मी दोष देणार नाही. त्या महिन्यात त्यांच्याकडे कुष्ठरोगाचं सर्वेक्षण होतं, पल्स पोलिओ होता, शिवाय मोबाईलवर भरायचे चार तक्ते. एका बाळाच्या सहा भेटींचे 250 रुपये ठरलेले, तेही कधी हातात येतील याचा भरवसा नाही. निदानाचं मिनिट डॉक्टरांच्या केबिनमधून काढून तिच्या हातात दिलं आणि मग तिच्याकडूनही ते आपणच काढून घेतलं. पिशवीतल्या औषधाचीही तीच गत. को-ट्रायमॉक्सॅझोल जंतूंना पुरेसं पडेना म्हणून मागे पडलं आणि अमॉक्सिसिलिन आलं. पण त्या वाडीवर विचारलं तर उत्तर होतं, "दीड महिना झाला, संपलंय."

मोजणीलाही मर्यादा आहेत. जलद श्वास म्हणजे न्यूमोनियाच असं नाही. दमा, विषाणूची सर्दी, नुसता ताप यांनीही वेग वाढतो. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त जलद श्वास असलेल्या, छाती न ओढणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना अमॉक्सिसिलिन दिलं आणि निम्म्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं पातळ. उपचार फसण्याचं प्रमाण 2.6 टक्के विरुद्ध 4.9 टक्के निघालं. म्हणजे साधारण 44 मुलांना औषध दिलं तर एकाचं बिघडणं टळतं. यावरून औषध द्यावं की न द्यावं यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. माझं मत विचाराल तर दूरच्या पाड्यावर द्यावं, शहरात रोज पाहता येत असेल तिथे थांबावं. तरी भांडण निदान मोजलेल्या मुलांबद्दल आहे. आपल्या शहरांतल्या बहुतेक चिठ्ठ्या न मोजलेल्या मुलांच्या आहेत. मोजणीचा खरा उपयोग जसा न्यूमोनिया पकडायला, तसाच 'हा न्यूमोनिया नाही' असं ठामपणे म्हणायला, आणि हे दुसरं काम आपण तिच्याकडून जवळपास घेतच नाही.

आता दवाखान्याकडे येऊ. छाती ओढली जाणाऱ्या, पिऊ न शकणाऱ्या, निळ्या पडणाऱ्या मुलाला घरचं औषध पुरत नाही. त्याला प्राणवायू लागतो. इथे पुन्हा पापुआ न्यू गिनीच आठवते. तिथल्या पाच रुग्णालयांत ट्रेव्हर ड्यूक यांच्या गटाने हवेतून प्राणवायू काढणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रं आणि ऑक्सिमीटर बसवले, कुणाला कधी प्राणवायू लावायचा ते नर्सना शिकवलं, यंत्रांची देखभाल नेमून दिली. 2008 साली आकडे आले: न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांचं मृत्यूचं प्रमाण 4.97 टक्क्यांवरून 3.22 टक्क्यांवर. औषध तेच, डॉक्टर तेच.

ऑक्सिमीटर हा शब्द आपल्याकडे करोनाने घरोघरी पोचवला. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तो घेऊन आशा दारोदार फिरल्या आणि आजोबांच्या बोटाला लावून 97, 98 वाचून दाखवत गेल्या. साथ ओसरली. किती ऑक्सिमीटर कपाटांत पडून आहेत, कुणी पाहावं. मात्र तो मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला चालत नाही. बाळाच्या पावलाला बसणारा वेगळा लागतो, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या खरेदीच्या यादीत तो आहे का, ही पहिली चौकशी करायला हवी. केंद्राने 2019 साली न्यूमोनियासाठी 'साँस' मोहीम काढली. त्यात हे सगळं कागदावर आहे: घरी मोजणी, अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन पुढे पाठवणं, दवाखान्यात ऑक्सिमीटर. न्यूमोकॉकसची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. त्यामुळे आजारच कमी होईल. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी 11 होता. केरळचा 4.

गडचिरोलीच्या त्या मण्यांची आता गरज उरलेली नाही, कारण मोबाईलवर सेकंदकाटा आहे आणि गावातल्या सुनांना शंभराच्या पुढे मोजता येतं. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या आजी-आजोबांना, आई-बाबांना, आणि माहेरी आलेल्या लेकुरवाळ्यांना एक विनंती. घरातलं लेकरू खोकायला लागलं की ते शांत असताना त्याचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोट पाहा. 60, 50, 40 हे तीन आकडे फ्रिजवर लिहून ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. तरीही जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पीत नसेल, तर मात्र मोजत बसू नका, त्याच क्षणी निघा. आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरल्याबरोबर झबलं तुम्हीच वर करा.